तिसऱ्या मजल्यावरची पंगत

आभार मानले की मावशी दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. म्हणायच्या, "नको गं, इथं नको. तिथलं कमी होतं."

तिथलं म्हणजे स्वर्गातलं. माणसांनी इथेच शाबासकी दिली की देवबापाकडचं बक्षीस तेवढं घटतं, असा त्यांचा ठाम विश्वास. कल्याण पूर्वेला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रार्थनेचा हॉल. लिफ्ट नाही. मावशी मोहन्याहून शेअर रिक्षाने यायच्या, शनिवारी हॉल झाडायच्या, पाणी भरायच्या, प्रभुभोजनाचे इवलेसे पेले घासून ठेवायच्या. मंडळीतलं कोणी दवाखान्यात असलं की उशाशी याच. पगारबिगार काही नाही, सेवा.

मी एकदा चिडवलं, "चहा पिता तो चालतो वाटतं?"

"चहा नाही मोजत देवबाप."

"आणि मिळणार काय तिथे?"

"मुकुट."

"एवढासा अंबाडा तुमचा, राहील का त्यावर?"

"पिना लावीन की," मावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

मी हिंदू, मला त्यांच्या स्वर्गातलं काय कळणार? पण मावशींच्या त्या वाक्याची मंडळींनी कशी छान सोय करून घेतली, ते मला रोज दिसत होतं. आभार नकोत म्हणतात ना, मग विचारपूसही नको. तुम्ही पाहिली असतीलच अशी माणसं. दुसऱ्याच्या भक्तीवर स्वतःचा आळस पोसतात.

मग मावशींचे गुडघे गेले. पहिल्या जिन्यालाच बसायच्या. झाडायला दुसरी बाई आली, तीही फुकटच. मावशी मात्र दर रविवारी न चुकता यायच्या, माझ्या दुकानात स्टुलावर बसायच्या. वरून गाणं ऐकू आलं की खालून ओठ हलवायच्या.

एका रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजन खाली घेऊन आले. भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा पेला. कोपरात हेल्मेट अडकवलेलं, पुढे ठाण्याला कुठे जायचं होतं. दोन मिनिटांत उरकलं. मावशींनी डोळे मिटून घेतलं खरं, पण ते गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"एकटीनं घ्यायचं नसतं गं ते," त्या म्हणाल्या. "पंगत असते ती. सगळ्यांच्या बरोबर, गुडघ्यावर."

"मग सांगा ना त्यांना. उचलून नेतील."

"मागितलं तर तिथलं कमी होईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "होऊ दे कमी. एकदाच बसायचंय मला त्या पंगतीत."

माझं डोकंच फिरलं. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर मी तशीच वर गेले. मंडळीचे सेक्रेटरी खुर्च्या लावून घेत होते.

"प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचला," मी म्हटलं.

"ताई, जिना अरुंद आहे. वळणावर खुर्ची अडकते. पडल्या तर जबाबदारी कोणाची?" मग गोड आवाज काढून म्हणाले, "आणि मावशींना काय कमी आहे? त्यांचं मोठं बक्षीस वर राखून ठेवलंय."

"वर म्हणजे कुठे? तिसऱ्या मजल्यावर?"

ते हसले. मी हसले नव्हते.

"स्वर्गातलं तुमचा देव बघेल हो. हे तीन जिने कोण बघणार?"

"बघू, पुढच्या महिन्यात काहीतरी करू."

मी खाली येऊन मावशींना सांगितलं. रागावतील वाटलेलं. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात म्हणाले? नक्की?" पुढच्या रविवारी नवी साडी घेऊन आल्या, फॉल लावायला. त्या पंगतीसाठी.

तो महिना उजाडला नाही. झोपेतच गेल्या. साडी माझ्याकडेच होती. फॉल लावून मी ती मोहन्याला पोचवली, तीच त्यांना नेसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवपेटी आमच्या इमारतीखाली आली. शेवटची प्रार्थना हॉलमध्ये होती. मी दुकानाच्या दारातून बघत होते. सहा जणांनी पेटी उचलली, वळणावर जरा तिरकी केली, कोणीतरी "सावकाश" म्हणालं, आणि गेली वर. कुठे घासलीसुद्धा नाही.

सेक्रेटरी घाम पुसत मला बोलवायला खाली आले.

"चला ना ताई. जिना अरुंद आहे, पण माणसं हाताशी असली की होतं सगळं."

खोटं कशाला सांगू, पायातली चप्पल हातात घ्यावीशी वाटली. पण वर मावशी होत्या. मी शटर ओढलं आणि जिना चढायला लागले.