झुलाल ड्रायव्हरचं चलान

एरंडोल डेपोत झुलालभाऊंच्या एसटीला सगळे बैलगाडी म्हणत. म्हणणारे कोणी परके नव्हते, सोबतचेच ड्रायव्हर-कंडक्टर होते आणि तोंडावर म्हणत. धुळ्याची फेरी असो, जळगावची असो की चाळीसगावची, काटा साठाच्या पुढे गेला तर शपथ. कॉलेजची पोरं मागून ओरडायची, "काका, उतरून धक्का देऊ का?" झुलालभाऊ आरशात बघून हसायचे आणि आणखी थोडे सावकाश चालवायचे. पण चौतीस वर्षं स्टिअरिंग हातात धरून या माणसाने साधी कोंबडीसुद्धा मारली नाही. निवृत्त होताना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला. तो लताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, देव्हाऱ्याशेजारी लावला. घरी पाहुणा आला की आधी बिल्ला दाखवला जाई, मग चहा येई.

अशा माणसाला अतिवेगाचं चलान आलं, तेव्हा गल्लीत हशा पिकणार नाही तर काय होणार!

मेसेज नाशिकला दीपकच्या मोबाइलवर आला, कारण बापाच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनला त्याचाच नंबर जोडलेला. सोबत व्हॅनचा फोटो होता, नंबर स्वच्छ दिसत होता. जागा, सोनगीरच्या अलीकडे. मर्यादा ऐंशीची, वेग सत्त्याण्णव. दीपकने तो फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि फोन केला. "बाबा, हे काहीतरी चुकलंय. आपली व्हॅन सत्त्याण्णवला गेली तर तिची दारं गळून पडतील. भरू नका, तक्रार करा."

ग्रुपवर धुळ्याहून त्यांच्या भाचीने, सुलक्षणानेही लिहिलं, "मामा, भरू नका. तुम्ही कसे जाता ते आम्हाला माहीत आहे."

संध्याकाळी उखर्डू आला. हा त्यांचा जुना कंडक्टर, अकरा वर्षं एकाच गाडीवर. तो आला तोच तणतणत.

"भाऊ, मशीननी चुकी शे हाई. तू आन सत्त्याण्णव? मी अकरा वरीस तुना मांगे घंटी वाजाडी. बठ्ठा डेपो साक्ष देई!"

"ऱ्हाऊ दे रे," झुलालभाऊ म्हणाले. "भरी टाकू. दंडच शे."

"दंडना सवाल नही. तुना बिल्लाना सवाल शे."

लताबाईंनी आतून मान डोलावली. मग उखर्डूने कागद मागवला आणि तिकिटांचा हिशेब लिहिताना असायच्या त्याच बारीक अक्षरात अर्ज लिहून काढला. 'अर्जदाराने चौतीस वर्षे विनाअपघात सेवा केलेली असून, त्या दिवशी तो नेहमीप्रमाणे सावकाश जात होता.' बिल्ल्याचा फोटो जोडला. खाली सहीची जागा सोडली. धुळ्याच्या वाहतूक शाखेत जाऊन द्यायचा, बस्स. अर्ज घडी घालून त्याने झुलालभाऊंच्या खिशात कोंबला, तेव्हा मोठं काम फत्ते केल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता.

झुलालभाऊ उठून ओट्यावर जाऊन बसले. सगळ्यांना वाटलं, माणसाला लागलंय. लागलं होतंच, पण ते वेगळं. बाकीच्यांनी फोटोत वेग पाहिला, त्यांनी तारीख पाहिली होती. आणि वेळ. तीन बावन्न. अक्का गेली तो दिवस.

अक्का म्हणजे भिकुबाई, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी बहीण. आई गेली तेव्हा झुलाल चार वर्षांचा. अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातलं, आणि लग्न होऊन सोनगीरला गेली तेव्हा सासरच्यांशी भांडून त्यालाही सोबत नेलं. सातवीपर्यंत तो तिच्याकडेच शिकला. पुढे त्याच्या हाती एसटी आली, तशी ती मुद्दाम त्याची फेरी बघून माहेरी यायची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मांडी घालून बसायची आणि शेजारणीला सांगायची, "हाऊ मना भाऊ शे. मीच वाढायेल शे." म्हातारपणी फोन करायची तेव्हा शेवटचं वाक्य ठरलेलं असे. "हळू ये रे भाऊ. माले काही घाई नही."

त्या दिवशी दुपारी दोनला फोन आला तो मात्र सुलक्षणाचा. ती धुळ्याहून सोनगीरला आईपाशी येऊन राहिली होती.

"मामा, लवकर निंघा. आईनं काही खरं नही. तुमनं नाव ली ऱ्हायनी."

लताबाई तेव्हा नाशिकला, नातीच्या बारशाला. झुलालभाऊ एकटेच निघाले. पारोळा गेलं, धुळं आलं. बाहेरच्या रस्त्याने सरळ गेले असते तर पुढच्या वीस मिनिटांत अक्काजवळ होते. ते गेले नाहीत. त्यांनी गाडी गावात, आग्रा रोडच्या बाजाराकडे वळवली.

कशाला? तर साडी घ्यायला.

आमच्याकडे बाई कितीही म्हातारी होवो, नातवंडा-पतवंडांची होवो, जाताना तिच्या अंगावर माहेरची साडी पडावी लागते. अक्काच्या शेजारची मंजुळाबाई गेली तेव्हा माहेरचं कोणी आलंच नाही. बायका दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत राहिल्या. ते पाहून आल्यावर अक्काने भावाला बजावलं होतं, "झुलाल, मना वक्तले असं करू नको." त्याने शब्द दिला होता. शिवाय हा माणूस आयुष्यभर स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन तपासल्याशिवाय डेपोबाहेर न पडणारा. पुढे लागणारी वस्तू आधीच जवळ असावी, हा त्याचा स्वभावच. तो इथे नडला.

दुकानदार अघळपघळ माणूस होता. "कोणासाठी, काका?"

"बहिणीसाठी."

"वा! काही कार्य आहे का?"

आता काय सांगणार? बहीण अजून श्वास घेतेय आणि तिच्या मरणाची साडी द्या, असं म्हणायला जीभ उचलेना. "असंच," ते म्हणाले. दुकानदाराला वाटलं, हौशी भाऊ आहे. त्याने गठ्ठेच्या गठ्ठे काढायला लावले. हिरवी दाखवली, मोरपंखी दाखवली, पदर उलगडून दाखवले. झुलालभाऊंनी घाम पुसायला टोपी काढून बाजूला ठेवली. साधीशी दाखवा म्हणाले, तर दुकानदार म्हणाला, "बहिणीला साधी का देता, काका?" आणि पुन्हा नवा गठ्ठा.

पण सगळं त्या दुकानदारावर ढकलून चालणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत हाताला लागली ती साडी घेऊन निघता आलं असतं. झुलालभाऊ तिथे बसून राहिले, कारण पुढे जायची त्यांना भीती वाटत होती. अक्का खाटेवर पडलीय, तिला बोलता येत नाहीये, हे बघायला ते तयार नव्हते. दुकानात होते तोवर बहीण जिवंत होती आणि भाऊ तिला साडी घेत होता. अडतीस मिनिटं त्यांनी अशी काढली.

जांभळी साडी घेऊन गाडीत येऊन बघतात तर फोन सीटवरच राहिलेला, आणि सुलक्षणाचे दोन कॉल येऊन गेलेले. मग मात्र पाय जो ॲक्सिलरेटरवर पडला तो सोनगीरच्या वेशीपर्यंत उचलला नाही. पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी कुठे उभी होती, त्यांना दिसलीही नाही. दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हाच कळायचं ते कळलं. अक्का पावणेचारला गेली होती. तो फोटो निघाला तेव्हा तिला जाऊन सात मिनिटं झाली होती.

"मामा, इतला उशीर?" सुलक्षणा रडत म्हणाली होती.

"सोनगीर फाटावर ट्रक उलटेल व्हता," झुलालभाऊंच्या तोंडून निघून गेलं. "रांग लागनी व्हती."

कोणी शंका घेतली नाही. उलट कुणीतरी म्हणालं, मामाची गाडी तशीही साठाच्या वर जात नाही. चौतीस वर्षं सचोटीने कमावलेलं नाव त्या दिवशी पहिल्यांदाच खोट्याच्या कामी आलं, आणि त्याची लाज त्यांना पुढचे दोन महिने घास गिळू देत नव्हती.

आता हे चलान. तक्रार केली तर खोट्यावर सही होणार होती, तीही बिल्ल्याच्या फोटोखाली. भरलं तर लोक विचारणार, मामा, फाट्याजवळ एवढ्या वेगाने येत होता, तर मग ट्रकची रांग कुठे होती, आणि तोवर तुम्ही होता कुठे? लोकांचं सोडा. सुलक्षणा विचारणार. आईच्या मागे या पोरीला माहेर म्हणून उरलं होतं ते झुलालमामाचं घर. तेही तुटलं तर?

सोमवारी ते धुळ्याला गेले. खिडकीपाशी रांग नव्हती. आतल्या हवालदाराने अर्ज उलटसुलट पाहिला.

"काका, सही राहिली. करा इथे."

झुलालभाऊंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि सवयीप्रमाणे सही करण्याआधी वाचायला लागले. 'त्या दिवशी तो नेहमीप्रमाणे सावकाश जात होता.' तिथेच ते अडकले. नेहमीप्रमाणे सावकाश गेलो असतो, कुठे न वळता, त्याच साठाने, तर अर्धा तास आधी पोचलो असतो. अक्काने डोळे उघडून पाहिलं असतं. उखर्डूने बिचाऱ्याने चांगल्या मनाने लिहिलं होतं, पण ते वाक्य त्यांना वाचवेना.

"मशीन बरोबर आहे," ते हवालदाराला म्हणाले. "भरून घ्या."

"अहो, मग अर्ज कशाला आणला?"

त्यांनी अर्ज घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. दंडाची पावती घेतली आणि तसेच धुळ्यातच देवपूरला सुलक्षणाच्या घरी गेले. ती चहा ठेवायला उठली. "बस," ते म्हणाले. "पहिले ऐकी ले."

त्यांनी सगळं सांगितलं. ट्रक नव्हता इथपासून ते दुकानात का बसून राहिलो इथपर्यंत. जमिनीकडे बघत सांगितलं.  

"मामा," ती म्हणाली, "साडी कोनी मांगी व्हती?"



ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक साडी होती. मोतिया रंगाची, हिरव्या काठाची, घडीसुद्धा न मोडलेली. झुलालभाऊंनी ती ओळखली. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यांनीच दिली होती, आणि नेसत का नाहीस म्हणून विचारलं की अक्का म्हणायची, नेसेन सवडीने.

"आईनी पेटीमा येगळी ठेयेल व्हती," सुलक्षणा म्हणाली. "माले सांगी ठेयेल व्हतं. मना भाऊ हळू येस. तो नही पोचना, तर हाई नेसाडा. तेनीच शे." ती जरा थांबली. "त्या दिवशी मी तुमले लवकर निंघा म्हंतं, तर मनावरच चिडनी. म्हने, तेले घाई करू नको. त्या दिवशी हाई साडी मना मांडीवर व्हती मामा. तुम्ही नवी लिसन उनात, मंग मी हाई परत ठेई दिधी."

मग झुलालभाऊ रडले. अक्काच्या अंत्ययात्रेत, दहाव्याला, तेराव्याला सगळ्यांसमोर कोरडे राहिलेले डोळे तिथे, भाचीच्या स्वयंपाकघराच्या दारात, भरून वाहिले. अक्काने आपल्याला ओळखून आपल्या उशिराचीही सोय करून ठेवली होती. फक्त भेट मागितली होती, आणि तेवढीच आपण दिली नाही.

सुलक्षणाने त्यांना उठवलं नाही की समजावलंही नाही. खूप वेळाने तिने चहा आणून पुढे ठेवला. निघताना मात्र ती साडी पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली. "तुमनाकडे ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली, आणि दारापर्यंत आली. "दिवाळीले माले माहेरले लेवाले येशात ना, मामा?"

"येसू," ते म्हणाले.

दोन महिने त्यांनी आग्रा रोड टाळला होता. आज टाळायचं काही कारण उरलं नव्हतं. गाडी लावून, पिशवी हातातच घेऊन ते त्या दुकानाशी गेले. दुकानदाराने लांबूनच ओळखलं.

"या काका! तुमची टोपी राहिलीये केव्हाची. असे पळालात, मी हाका मारतोय मागून." मग त्याची नजर पिशवीतल्या साडीवर गेली. "का हो, आवडली नाही का बहिणीला? बदलून देतो की, त्यात काय!"

"नाही, नाही. ती नेसली ना," झुलालभाऊ म्हणाले. "त्याच दिवशी नेसली."

"मग ही?"

"ही तिच्याकडची आहे. हिची घडी मोडायची राहिली."

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्याने टोपी झटकून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, ताईंना घेऊन या एकदा.