गच्चीवरचा पाचोळा

परळच्या हॉस्पिटलात वहिनीशी माझं शेवटचं बोलणं झालं ते पाचोळ्याबद्दल. तोंडावरचा मास्क बाजूला सारून ती म्हणाली, "वन्सं, गच्चीवरची पानं कुणाला हलवू देऊ नकोस हां. पाऊस येईपर्यंत तरी." मी म्हटलं, "बरं बाई, आधी नीट श्वास घे." नर्स ओरडली, मास्क परत चढला... आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दादाचा फोन आला. नातीचं नाव नाही, दादाच्या गोळ्यांचं नाव नाही, पाचोळा! अशा बाईच्या कामाला लोक 'छंद' म्हणतात. विणकाम हा छंद असतो, तिकिटं जमवणं हा छंद असतो. ती जाऊन काही आठवडे झाले तरी माझं डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा काही कमी-जास्त लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

वहिनी माण तालुक्यातली, पाऊस चुकून फिरकतो त्या मुलखातली. आम्ही लालबागचे मालवणी, बाबा गिरणीत, घर चाळीत. लग्न होऊन आली तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा ती टोपात जपून ठेवायची, आणि आई कपाळाला हात लावायची, "पाण्याक काय तोटो आसा गो हंयसर?" पुढे चाळ गेली, टॉवर आला. वर ही मोठी पांढरी गच्ची. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, आणि दुपारी पाऊल टाकाल तर फोड येईल असं ऊन. वहिनी सरकारी कचेरीतून रिटायर झाली आणि तिने जाहीर केलं की कच्छला जाते, कोरड्या वाळवंटी मुलखातलं पर्माकल्चर शिकायला. म्हणजे माती, पाणी, सावली, झाडं, माणसं यांची एकमेकांना धरून राहील अशी मांडणी आधी कागदावर आखायची, मगच फावड्याला हात लावायचा. दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "वाळवंटात बिऱ्हाड करूचा आसा काय गो?" मीही हसले. मुंबईत दर जुलैत गुडघाभर पाण्यातून चालायचं आणि हिला वाळवंट शिकायचंय! ती शांतपणे म्हणाली, "वन्सं, वाळवंट वाळूने होत नाही गं. आलेलं पाणी जिथं थांबत नाही, तिथं होतं. आपल्या गच्चीवर थांबतं का? पाइपातून गटारात, गटारातून समुद्रात. आणि मेमध्ये आपण टँकरवाल्याच्या पाया पडतो."

कच्छहून आली ती रापून, वाळून, आणि भलतीच खुशीत. आम्हाला वाटलं, आता कुंड्या येणार. छे! वर्षभर बाईने एक रोप लावलं नाही. दर ऋतूत गच्चीवर जायची आणि टाकीची सावली कुठवर पोचते ते खडूने आखायची. वारा कुठून येतो ते बघायला काठ्यांना चिंध्या बांधल्या. सोसायटीचे सेक्रेटरी परब वैतागले, "वहिनी, गच्चीवर भुताटकी झाल्यासारखी दिसते हो!" ती म्हणाली, "परबभाऊ, आधी बघायचं असतं, मग करायचं." अभ्यासक्रमाचं शेवटचं काम म्हणून सगळ्यांनी घरून आपापल्या शेताचा आराखडा कच्छला पाठवला, हिने लालबागची गच्ची पाठवायचं ठरवलं. शिकवणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या, ये तो रेगिस्तान नहीं है. वहिनीने त्यांना तासभर हिंदीतून असं काही ऐकवलं की शेवटी त्याच म्हणाल्या, भेज दो.

मग काम सुरू झालं. निळी पिंपं अर्धी कापून त्यांच्यात माती. वाऱ्याच्या तोंडावर घायपात आणि निवडुंग, त्यांच्या आडोशाला शेवगा, शेवग्याच्या सावलीत करवंद, गवती चहा, कोरफड. प्रत्येक पिंपात एक मडकं पुरलेलं, त्यात एसीचं पाणी, ते आपलं हळूहळू पाझरत राहायचं. आणि या सगळ्यावर पाचोळा, वीतभर जाड. शिवाजी पार्कच्या कडेला झाडणाऱ्या बायका तिला पानांची पोती भरून ठेवायच्या. टॅक्सीवाला कटकट करायचा, तर त्याला गवती चहाची जुडी. गणपतीनंतर अख्ख्या गल्लीतल्या नारळांच्या शेंड्या हिच्याकडे. "माती उघडी ठेवायची नाही," एवढं एकच वाक्य तिने आम्हाला हजारदा ऐकवलं असेल. पानं खाली कुजतात, ओल धरतात, किडामुंगी येते, माती जिवंत होते. एप्रिल-मेच्या उन्हात तीच माती उघडी पडली तर सगळं करपतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून काही वर्षं. तेवढी वर्षं तिच्याकडे राहिली नव्हती, म्हणून तर मास्क काढून सांगितलं ना मला!

दहाव्याला आम्ही बाणगंगेला गेलो. एप्रिलचं ऊन, पिंड ठेवलेला, कावळे कठड्यावर बसलेले, आणि एक खाली येईल तर शपथ. दादा म्हणाला, नातीचं सगळं नीट करीन. कावळा ढिम्म. माझी भाची म्हणाली, बाबांच्या गोळ्या मी बघेन. ढिम्म. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मी काही देवभोळी नाही. पण पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "वहिनी, तुझी पानं कुणी हलवणार नाही. माझा शब्द." आणि कावळा आला हो. सरळ येऊन पिंडाला शिवला. मी तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडले.

घरी आलो. संध्याकाळी गच्चीवर शोकसभा होती म्हणून मी वर बघायला गेले, तर... गच्ची लख्ख. पिंपं ओळीत लावून त्यांना गेरू-चुना दिलेला. एक पान नाही, एक शेंडी नाही. पाइप मारून सगळं धुतलेलं, आणि उघडी माती उन्हाने वाळायला लागलेली. परब घाम पुसत हसतमुखाने म्हणाले, "ताई, सकाळपासून कमिटी राबतेय. वहिनींच्या फोटोपुढे कचरा बरा दिसतो का?" मी विचारलं, कुठे आहेत पानं? "गेली की गाडीतून. तुम्ही बाणगंगेला होतात तेव्हाच." मी तिकडे शब्द देत होते आणि इकडे ही माणसं खराटे चालवत होती! वर प्रेमाने. दुष्टपणाने केलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. या चांगल्या माणसांचं करायचं काय?

सभेत एकेक जण उठून बोलला. बागकामाचा छंद. झाडांची आवड. हसतमुख. मग परबांनी माइक घेऊन घोषणा केली की इथे वहिनींच्या नावाने स्मृती उद्यान होणार, हिरवं प्लास्टिकचं गवत आणि बसायला बाक. टाळ्या! शोकसभेत टाळ्या! मी उठले. "परब, तिने वर्षभर सावल्या मोजल्या आणि तुम्ही एका सकाळीत उरकलंत. तुमच्यापैकी एकाने तरी तिला कधी विचारलं, ही पानं कशाला? ती अडाणी म्हणून कचरा साठवत होती, असं वाटलं तुम्हाला? आज दहा दिवसांनी बाई खऱ्या अर्थाने मेली, आणि तुम्ही मारलीत."

तेव्हा दादा उठला. बायकोच्या पिंपांना आयुष्यात कधी हात न लावलेला माझा भाऊ. फोटोपाशी गेला आणि गळ्यापर्यंत चढलेले हार एकेक करून काढायला लागला. "परबा, सुरी हाड रे." परब धावत जाऊन सुरी घेऊन आले. दादाने दोरे कापले, जरीच्या फिती बाजूला फेकल्या, आणि झेंडू, शेवंती, निशिगंध ओंजळीओंजळीने शेवग्याच्या बुडाशी पसरायला लागला. हळूहळू बाकीचेही उठले.

सगळं वाचलं नाही. करवंद गेलं, गवती चहा गेला, त्याबद्दल मी कुणाला माफ करणार नाही. काल दादाबरोबर वर गेले होते. शेवग्याखालचा सुकलेला झेंडू त्याने बाजूला केला, मातीत बोट खुपसून बघितलं. "ओली आसा गो," म्हणाला. मग झेंडू होता तसा परत नीट पसरून ठेवला.