फाटकापाशी नवरदेव

नव्वदच्या दशकात ओतूरला एसटी स्टँडसमोर एका फोटोग्राफरांचा स्टुडिओ होता. बातमीचे फोटो धुऊन घ्यायला मी तिथे नेहमी जात असे. आमच्या जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. त्यांना छंद मात्र रेल्वेचे फोटो काढण्याचा होता. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तरी ते बोलणं अर्धवट सोडून रस्त्याकडे बघत आणि ‘आपली न्हाई’ म्हणून पुन्हा बोलू लागत.

दौंडकडच्या एका लग्नात फोटो काढायचं काम त्यांच्याकडे होतं. मी वऱ्हाडात होतो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. बस थांबताच ते कॅमेरा घेऊन उतरले. नवरदेवाचे वडील खिडकीतून ओरडले, “ओ भाऊ, रोल लग्नाचा हाय, आगगाडीचा न्हाई!”

ते थबकले. तेवढ्यात लांबून इंजिनाचा हॉर्न आला.

“नवरदेव, जरा खाली या राव,” ते घाईने म्हणाले. “मुंडावळ्या नीट करा आन् फाटकापाशी उभं ऱ्हावा.”

नवरदेव हसत उतरला. मालगाडी आली, मुंडावळ्या बघून ड्रायव्हरने हात हलवत लांबलचक हॉर्न दिला आणि सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या.

“ही आपली!” कॅमेऱ्यामागून आवाज आला.

तो फोटो मोठा करून नवरदेवाने घरी लावला आहे. इंजिनाचे दिवे, खिडकी, हात हलवणारा ड्रायव्हर, सगळं स्पष्ट दिसतं. नवरदेव थोडा धूसर आला आहे.