अक्काचा राहून गेलेला पाहुणचार

अक्काकडे गेलेलं भांडं कधी रिकामं परत आलं नाही. डब्यातून चार पुरणपोळ्या पाठवाव्यात, तर दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून शेंगदाण्याची चटणी हजर. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी. ‘रिकामं भांडं द्यायचं न्हाय ताई, देनाऱ्याचं घर रितं हुतंय,’ असं ती म्हणायची.

आमच्या ज्येष्ठांच्या इंग्रजी संभाषण वर्गात ती सगळ्यांत मागे बसायची आणि सगळ्यांत आधी बोलायची. माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि उभा जन्म बालवाडीतली पोरं सांभाळण्यात गेलेला. व्याकरणाची तिला भीडच नव्हती. ‘आय कमिंग, यू सिटिंग’ एवढ्या भांडवलावर ती जर्मनीलासुद्धा जाऊन आली. तिथल्या एका गावात आमच्यासारखाच म्हाताऱ्यांचा वर्ग होता. आधी आम्ही त्यांच्या घरी राहायचं, मग त्यांनी आमच्या घरी, असं ठरलं होतं. अक्का हेल्गाबाईंकडे उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटली ती हसतच. ‘ताई, बाईनं माझ्यासाठी बादली आनली की!’ शॉवरखाली उभं राहून अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, हे तिने हातवारे करून सांगितलं होतं. हेल्गाबाईंनी गाव पालथं घालून बादली, पाणी घ्यायला मग आणि बसायला लाकडी स्टूल आणलं. हे कौतुक आम्हाला रोज ऐकावं लागे. परतताना विमानात ती एकदम म्हणाली, ‘आता बाईचं भांडं माझ्याकडं हाय. भरून द्याला पायजे.’

पुढच्या वर्षी त्यांची पाळी आली. वर्गाची संयोजक मी, तेव्हा कोण कुणाकडे उतरणार हेही मीच ठरवलं. हेल्गाबाईंना माझ्याकडे ठेवून घेतलं. भर वर्गात अक्काला म्हणाले, ‘तुमच्याकडे कमोड नाही, त्यांचे गुडघे दुखतात. उगीच हाल होतील.’ कारण रास्तच होतं. पण नवा फ्लॅट आणि परदेशी पाहुणी सोसायटीत मिरवायची हौस, हेही तितकंच खरं होतं. अक्काने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘बरं की. तुमच्याकडं आराम मिळंल बाईला.’

मग रोज संध्याकाळी ती डबा घेऊन यायची. सोफ्याच्या कडेला बसायची, पाहुण्यासारखी. हेल्गाबाईंनी दोनदा विचारलं, तुझं घर कधी दाखवतेस? दोन्ही वेळा ‘नेक्स्ट टाइम’ असं उत्तर मीच देऊन टाकलं. आमचा कार्यक्रम भरगच्च होता ना! निघायच्या दिवशी अक्काने त्यांची ओटी भरली. ‘पुढच्या खेपेला माझ्याकडंच हं,’ म्हणाली. तिचा डबा मी रोज बिस्किटं घालून परत करायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे.

दिवाळीच्या आधी अक्का झोपेतच गेली. तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती अशी, भेटायला. निघताना हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर जुन्या संडासाला लागून एक नवं दार दिसलं. सहज ढकललं. आत पांढराशुभ्र कमोड होता, झाकणावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. शेजारी भिंतीला, उठताना धरायला, एक दांडी बसवलेली.

‘बाई यायच्या आदीच करून घेतला आत्यानी,’ अक्काची सून मागून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ‘मग तुमी वर्गात तसं बोललासा. सगळ्यांसमोर ताईला खाली कशाला बघाला लावू, म्हनल्या. आमाला कुनाला वापरू दिला न्हाय. आदी बाईनंच वापराचा, म्हनायच्या.’

मी दार हळूच ओढून घेतलं.

परवा हेल्गाबाईंचा फोन आला होता. खूप रडल्या. शेवटी त्यांनी विचारलं, ‘अक्काचं घर कसं होतं?’