टायरच्या खाचांतली पांढरी भुकटी

निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली, पण एका सायकलीमुळे उलगडलेलं ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

बेंगळुरूच्या पश्चिम भागातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. रविवारी सकाळी दहाला एक बाई आल्या. त्यांचे पती सरकारी कारखान्यात इंजिनियर, वय पन्नास, रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सायकल घेतली होती. पहाटे तीवरून निघाले ते परतलेच नव्हते. फोन घरीच चार्जिंगला.

“ते पार्कभोवतीच फेऱ्या मारतात हो, लांब कुठे जात नाहीत,” बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

बेपत्ता म्हणून नोंद करून मी पार्कवर माणसं पाठवली. तिथला रखवालदार म्हणाला, हे साहेब गेल्या दोन महिन्यांत इकडे फिरकलेलेच नाहीत.

साडेबाराला खबऱ्याचा फोन आला. पाण्याच्या टँकरचा एक ड्रायव्हर जवळपास नवी सायकल भंगारवाल्याकडे विकायला आला होता. आम्ही त्याला सायकलीसकट उचललं. बाईंनी सायकल ओळखली.

चौकशीत ड्रायव्हर आधी म्हणाला, विकत घेतली. मग म्हणाला, बसस्टॉपवर सापडली. खोटं बोलतोय हे उघड होतं. “माणसाला कुठे टाकलंस?” एवढंच मी विचारत राहिलो. लपवून काय उपयोग, मी त्याच्या थोबाडीतही मारली. तो नुसता रडत राहिला.

अडीचच्या सुमारास हवालदाराला सायकलीच्या दांडीवर दुकानाचं स्टिकर दिसलं. दुकानदाराला बोलावून घेतलं.

“आठवतात ना सर, चार वेळा आले होते. बजेट स्वल्प कमी. माउंटन बाईक जड पडते म्हणाले. रेसिंगच्या बारीक टायरला मीच नको म्हटलं. त्यांचा एकच प्रश्न, आधी डांबरी, मग मातीचा रस्ता, शेवटी खडी, सगळीकडे चालेल ना? म्हणून ही हायब्रीड दिली, जरा रुंद टायरची. पुढचं सस्पेन्शन घेऊ दिलं नाही. या किमतीत नुसतं वजन वाढतं.”

पार्कभोवती खडी कुठली? मी वाकून टायर पाहिले. खाचांत लाल माती होती आणि तिच्यावर ग्रॅनाइटची पांढरी भुकटी, दगडखाणीवर असते तशी.

मी ड्रायव्हरला पाणी दिलं, समोर बसलो. “अण्णा, टँकर कुठे भरतोस?”

त्याचा चेहरा पडला. “सर, मालक कामावरून काढेल. मागडीच्या बाजूला जुनी बंद खाण आहे. तिथं पंप लावायला परवानगी नाही. सायकल काठावर पडली होती. माणूस नाही पाहिला, आईशप्पथ.”

“खाली वाकून बघितलंस?”

“नाही सर. पंपाच्या आवाजात काही ऐकूही आलं नाही.”

खाणीवर पोचलो तेव्हा बाईंचे पती वीसेक फूट खाली, पाण्याच्या जरा वर, एका कपारीत पडलेले दिसले. हालचाल नव्हती. दोर बांधून आधी ड्रायव्हरच उतरला. आम्ही काठावर दोर धरून उभे. खालून त्याची हाक आली, “आहे सर, जिवंत आहे!”

नंतर त्यांनी सांगितलं, पार्कात ओळखीचे लोक भेटत, धापा टाकताना कुणी पाहू नये म्हणून ते खाणीकडे जायचे. त्या दिवशी खडीवर तोल गेला. चिरडलेला पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर कदाचित वाचला असता.

खोटं ओळखण्यात मी स्वतःला हुशार समजत असे. समोरचा कशाच्या भीतीनं खोटं बोलतोय, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. केस डायरीवर ‘कौशल्यपूर्ण तपास’ असा वरिष्ठांचा शेरा आहे. ते दोन तास आणि ती थप्पड यांची नोंद तिच्यात नाही, म्हणून इथे केली.