डाव्या तीराने वर

माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. ते निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. पाहुण्यांना गंगापूर रोडवरच्या आमच्या घराचा पत्ता सांगताना ते "आम्ही गोदावरीच्या उजव्या तीरावर" अशी सुरुवात करायचे. पलीकडचा माणूस गोंधळून विचारायचा, "म्हणजे कुठल्या शाळेजवळ?" मग फोन माझ्या हातात यायचा. मिठाची बरणी सापडत नसली, तर ती "सिंकच्या डाव्या तीरावर" असायची. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगता येणं, हेच माझं काम. त्यामुळे असलं बोलणं ऐकलं की मला वैताग यायचा, आणि वैताग आला की मी ऐकणंच बंद करायचे. हे डावं-उजवं ते कुठून धरतात, हे चाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

ते आषाढात गेले.

दर वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते एका धबधब्यावर जायचे. हरसूलच्याही पुढे, जंगलात कुठेतरी. नोकरीच्या सुरुवातीला एका बंधाऱ्यासाठी जागा पाहताना त्यांना तो सापडला होता. बंधारा कागदावरच राहिला, ह्यांचं जाणं मात्र सुरू राहिलं. "येतेस का?" असं मला दर वर्षी विचारायचे, पण बुटाची नाडी बांधता बांधता. याला विचारणं म्हणत नाहीत. मी हातातल्या पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या वर्षी." संध्याकाळी चिखलाचे बूट घेऊन परत आले की मी विचारायचे, काय पाहिलं? उत्तर यायचं, "पाणी."

यंदा मला तो धबधबा पाहायचा होता. तो दिवाळीपर्यंत आटतो, एवढं त्यांच्याकडून कळलेलं होतं. मला नेणारं माणूस एकच, धाकटे दीर, आणि ते दिवाळीनंतर कायमचे बंगळूरला मुलाकडे जाणार होते. माझा गुडघा पुढच्या वर्षी काय म्हणेल याची खात्री नाही. म्हणजे पाहायचा तर यंदाच, त्याच रविवारी. नाहीतर तो पाहायचा कायमचा राहून गेला असता.

वाट त्यांच्या डायरीत होती. "पाड्याच्या हापशाशी गाडी लावावी. पायवाटेने नाल्यापर्यंत. पुढे डाव्या तीराने वर, अर्धा तास. उजवा तीर घेऊ नये, निसरडा."

भाऊजींचं आयुष्य अंबडच्या कारखान्यात गेलं. त्यांचा डायरीपेक्षा मोबाईलवर जास्त विश्वास. हापशाशी गाडी लावून त्यांनी नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला, लहान केला.

"वहिनी, इथं नुसतं हिरवं दिसतंय."

"समोरही हिरवंच दिसतंय," मी म्हणाले.

नाल्यापाशी पोचलो तेव्हा एक वाजला होता. पाणी वरून खळाळत येत होतं. आम्ही दोघं वर तोंड करून उभे राहिलो आणि दोघांनीही एकदमच डावा हात पुढे केला. डावा काठ पलीकडे होता. भाऊजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मी साडी खोचली, आणि शेवाळलेल्या दगडांवरून एकमेकांना धरत, एकमेकांवर ओरडत आम्ही नाला ओलांडला. माझी एक चप्पल पूर्ण भिजली. भाऊजींच्या सँडलचा पट्टा तुटला.

पलीकडे वाट म्हणून काही नव्हतीच. कारवीची गच्च झुडपं, त्याखाली ओला कातळ. दहा पावलं चढायचं, पाच घसरायचं. अर्ध्या तासाचा दीड तास झाला, तरी धबधब्याचा आवाजसुद्धा नाही. शेवटी एक सरळ उभा कडा समोर आला, तेव्हा भाऊजी खालीच बसले.

"दादाला सरळ लिहायला काय होत होतं? आयुष्यभर सरकारी भाषा! घरच्या माणसांसाठी तरी माणसासारखं लिहावं की नाही?"

 मनात मी त्यांच्यापेक्षा जास्तच बोलत होते. गेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. चिडून भांडायला तो समोर नसतो, म्हणून आणखी चिडचिड होते.

तेवढ्यात समोरच्या काठावरून हाक आली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी उभी होती.

"ओ बाई! तिकडं कुडं निगाले? तिकडं वाट नाय!"

"धबधब्याला जायचंय, मावशी!" मी ओरडले.

"मंग ह्या अंगानं या की! त्या अंगानं माकडंबी जात नाय!"

"पण डाव्या बाजूनंच लिहिलंय!" भाऊजींनी डायरी वर धरून हलवली. म्हातारीला जणू ती तिथून वाचता येणार होती.

"कोनी लिवलंय?"

"माझ्या भावानं. पाटबंधाऱ्याचे साहेब. काळी छत्री घेऊन यायचे ते."

"आवं, पाटाचा साहेब व्हय!" तिने भारा खाली टाकला आणि हसायलाच लागली. "त्याचं डावं तसलंच! मला म्हनायचा, मावशी, तुजं घर डाव्या तीराला. मी म्हनलं, घरी जाताना तर उजव्या हाताला येतंय, तू डावं कुडून आनलं? तवा त्यानं सांगितलं. पानी जिकडं जातंय तिकडं तोंड करायचं. मंग डावं ते डावं."

मी वळले. पाणी जात होतं तिकडे तोंड केलं. डावा हात म्हातारीच्या बाजूला गेला. जिथून आम्ही निघालो होतो, तो काठ. नाला ओलांडायची गरजच नव्हती.

तिने विचारलं होतं. गवत कापायला येणाऱ्या बाईने पहिल्याच वेळी विचारलं, आणि त्यांनी तिला सांगितलंही. माझ्या घरात चाळीस वर्षं मिठाची बरणी डाव्या तीरावर होती.

परत खाली उतरून नाला ओलांडेपर्यंत साडेतीन झाले. भाऊजींनी घड्याळ माझ्यासमोर धरलं.

"वहिनी, आता परत फिरू. तुमचा गुडघा बघा. माझा सँडल बघा. उतरताना उजेड राहणार नाही."

"तुम्ही गाडीत बसा. मी जाऊन येते."

"एकट्या?"

"मावशी आहेत."

"दादापण असाच," ते पुटपुटले. "दोघंही सारखीच." पण म्हातारीने दिलेल्या सुतळीने सँडल पायाला बांधून ते मागोमाग आलेच, वाटभर कुरकुरत.

वाट सोपी होती. पंचवीस मिनिटं लागली. म्हातारी पुढे चालत होती. मध्येच न वळता तिने विचारलं, "साहेब नाय आला ह्या साली?"

"ते गेले. आषाढात."

ती थांबली. "आरं," एवढंच म्हणाली. मग वळून तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी ती व्हय? पुढल्या साली येनारी?"

मी मान डोलावली.

"दर साली सांगायचा. बायको पुढल्या साली येनार हाय म्हने. मी म्हनायची, ह्याची बायको हाय का नाय कोन जाने!"

भाऊजींनी खोकल्यासारखं केलं आणि दुसरीकडे पाहिलं.

धबधबा दोन पुरुष उंचीचा होता. फार तर अडीच. काळ्या कातळावरून पाण्याची एक बारीक धार, खाली पाच-सहा हंडे भरतील एवढा डोह, आणि समोर बसता येईल असा एक सपाट दगड. बस्स. घरच्या गच्चीवरून पावसाचं पाणी याहून जोरात पडतं.

"ह्यासाठी?" मी मोठ्याने म्हणाले. "दर वर्षी ह्यासाठी?"

म्हातारीने खांदे उडवले. "तोबी लय काय बगायचा नाय. बसायचा. भाकर खायचा. जायचा."

मी त्या दगडावर बसले. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. गुडघा ठणकत होता, भिजलेली चप्पल चावत होती, आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. बूट घालण्याआधी विचारलं असतंत तर? एकदा तरी माझ्या हातातलं पुस्तक मिटून विचारलं असतंत तर? आणि मग, काही वेळाने, माझाही राग आला. मान वर करायला किती वेळ लागतो?

 भाऊजींनी घड्याळ पुन्हा दाखवलं नाही. उठले मीच.

घरी पोचल्यावर पाय गरम पाण्यात घालून बसले आणि डायरी मांडीवर घेतली. "डाव्या तीराने वर" या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं: "चढताना उजव्या हाताला. नाला ओलांडू नये." कुणासाठी लिहिलं ते माहीत नाही, आता तिथे जाणारं आमच्यात कुणी नाही. पण जिच्यामुळे माणूस भलतीकडे पोचतो, अशी नोंद तशीच ठेवणं मला जमत नाही.

त्यांची ओळ मात्र खोडली नाही. ती बरोबरच होती.