चार बोटं शिळी माडी

गुणाजीमामा चौदा माडांची माडी काढत. किहीमच्या दुकानात ती दुपारच्या आत संपे. दिवसातून तीनदा प्रत्येक माडावर चढायचं, पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, जराशी छेदायची, खालचं मडकं उतरवायचं. मडकी केसरमामी स्वतः धुवायच्या, पेंढ्याचा धूर द्यायच्या आणि उन्हात उपडी घालायच्या. ओलं मडकं मामा झाडावर नेत नसत.

१९३१च्या दिवाळीनंतर किहीमच्या दुकानाचे पारशी मक्तेदार सोराबशेठ यांनी थळच्या कोळीवाड्यापाशी दुसरं दुकान काढलं. ते मामांच्या अंगणात येऊन म्हणाले, "गुणाजी, आता चाळीस झाड घे. पन माल हाच पायजे. शिमग्यापर्यंत मी बघते. थळवाला ओरडला तर नवा झाड दुसऱ्याला."

मामांनी होकार दिला. चाळीस माड एकट्याने होण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी भागोजीला आणि मला घेतलं. मी त्यांचा भाचा, तेव्हा चोवीस वर्षांचा.

खरी अडचण चढण्याची नव्हती. पहिल्या माडाची माडी उतरून शेवटच्यावर पोचेपर्यंत ऊन वर यायचं. तोवर पहिली फसफसायला लागलेली असे, आणि ती शेवटच्या ताज्या माडीत पडली की सगळीच लवकर आंबे. म्हणून मामांनी माडांच्या तीन ओळी केल्या आणि ओळीगणिक रांजण वेगळा ठेवला. आधी उतरलेली किहीमला, शेवटच्या दोन ओळींची थळला, कारण थळची वाट बैलगाडीने दोन तासांची. एकाची माडी दुसऱ्यात ओतायची नाही. कालची तर आजच्यात थेंबभरसुद्धा नाही.

"रांजण उणा गेला तरी चालंल," मामा सांगत. "वंगाळ गेला तर न्हाय चालणार."

चार महिने थळहून तक्रार आली नाही.

शिमग्याच्या पुनवेला सकाळी माझी ओळ मागे पडली. दोन पोयी आटल्या होत्या. रांजण चार बोटं उणा राहिला. गाडी जुंपून उभी होती. सणाच्या दिवशी उणा रांजण बघून शेठ चारचौघांत बोलतील, ही भीती मला सोसेना. पडवीत कालच्या सांजेची माडी उरली होती. मी ती ओतली, वर फडकं बांधलं आणि गाडीबरोबर निघालो. कोणी पाहिलं नाही.

अर्ध्या वाटेवर फडकं फुगून वर आलं. मी ते सैल केलं, पुन्हा बांधलं. शेजारचा भागोजीचा रांजण शांत होता. मागे फिरावं तर सणाचं दुकान बंद राहील. मी फडक्यावर हात दाबून बसलो.

मामा किनाऱ्याने पायी येऊन आधीच पोचले होते. दुकान उघडण्यापूर्वी प्रत्येक रांजणाची चव ते घेत. बाहेर कोळी जमले होते, त्यांचे पाटील अंबाजी उंबऱ्यावरच बसले होते.

"काय रं गुणाजी, माडी पाजतंस का नुसता वास देतंस?"

"दम धर, पाटील. वरीसभर थांबलास, आता घटकाभर थांब."

सगळे हसले. मामांनी भागोजीच्या रांजणातली करवंटी ओठांना लावून मान हलवली. मग ते माझ्या रांजणाकडे वळले. फडकं सोडायच्या आधीच मी म्हणालो, "मामा, त्यात कालची हाय."

"किती?"

"चार बोटं."

त्यांनी चव घेतली आणि थुंकली. सोराबशेठ गल्ल्यावरून उठून आले. "अरे, आज शिमगा हाय. दोन प्याल्यानंतर चव कोन बघते? आधी चांगला वीक, मागून हा."

"मी बघतो, शेठ."

"दुपारी दुकान रिकामा झाला तर चाळीस झाडाचा काय उपयोग? मंग नवा झाड तुझा नाय, सांगून ठेवते."

त्या नव्या सव्वीस माडांना मामांनी चार महिने स्वतःच्या हाताने वळण लावलं होतं. मग त्यांनी रांजणाला खांदा दिला. मला हाक मारली नाही. भागोजी धावला. दोघांनी तो दुकानामागच्या वाळूत पालथा केला. आंबूस वास बाहेरपर्यंत गेला आणि कोळी ओरडायला लागले.

भागोजीचा रांजण बाराच्या आत संपला. अंबाजी पाटलांच्या हातात अर्धाच पेला होता. "शिमग्याला आमाला कोरडं ठेवलंस, गुणाजी. बायकांनी शिव्या दिल्या तर मी त्या तुझ्या नावानं देईन."

"दे," मामा म्हणाले.

पंधरवड्यात सव्वीस माड रेवदंड्याच्या एका माणसाकडे गेले. भागोजी त्याच्याकडेच लागला.

मामा मला काही बोलतील म्हणून मी आठ दिवस वाट पाहिली. मी पहाटे कोयती घेऊन गेलो की ते ती माझ्या हातातून काढून घेत आणि केसरमामींकडे बोट दाखवत. मी मामींशेजारी बसून मडकी धूत असे. श्रावण उजाडेपर्यंत त्यांनी मला एकाही माडावर चढू दिलं नाही.